एका पायरीचं पाणी

फार फार पूर्वीची ही गोष्ट. किती पूर्वीची ते मला विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

डोंगराच्या पायथ्याशी खडकमाळ नावाचं एक राज्य होतं. नावातच सगळं आलं, नाही का? खाली खडक, वर ऊन आणि मधे माणसं. पाऊस यायचा, पण घाईतल्या पाहुण्यासारखा यायचा. बसा म्हणेपर्यंत निघालेला असायचा.

वर डोंगरमाथ्यावर मात्र तीन राज्यं होती आणि तिन्ही खाऊनपिऊन सुखी होती. महासर, नितळपूर आणि ओंजळपूर. प्रत्येकाचं स्वतःचं तळं होतं. खडकमाळात दुष्काळ पडला, की ही राज्यं आपापल्या तळ्याचं पाणी पाटानं खाली सोडायची. तिन्ही पाट एका खिंडीत यायचे. तिथे दगडी बांध होता, बांधाला जाडजूड दरवाजा होता आणि दरवाजाला कुलूप होतं. ते उघडलं, की पाणी खडकमाळात उतरायचं.

खडकमाळात तीन मोठे हौद होते, एकेका राज्याच्या नावाचा एकेक. ज्याच्या पाण्याची पाळी, त्याच्या हौदात पाणी. आणि तिथे एक रीत होती. पाणी हौदात जिथवर चढेल, तिथे गावातल्या बायका भिंतीवर कुंकवाची रेघ ओढायच्या. रेघ जितकी उंच, तितका तो राजा मोठा. महासरच्या हौदातली रेघ नेहमी सगळ्यांच्या वर असायची. पोरं खेळतानासुद्धा महासरचा राजा व्हायला भांडायची.

आता एक गंमत सांगतो. खडकमाळच्या हयात माणसांपैकी कोणी तळं कधी पाहिलंच नव्हतं. त्यांची आपली समजूत अशी, की डोंगराला पान्हा फुटतो. गाईची धार काढावी, तसं वरचे लोक पाणी काढतात आणि जितकं काढावं तितकं पुन्हा भरून येतं. तळं खाली जातं, त्यालाही तळ असतो, हे त्यांच्या कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. हसू नका. जे आपण पाहिलेलं नसतं, त्याबद्दल आपण सगळेच असं काहीबाही धरून चालतो.

त्या वर्षी दुष्काळ पडला तो साधासुधा नव्हता. विहिरींचे दगड तापले, बाभळीसुद्धा वाळल्या. वरून पाणी आलं म्हणून माणसं जगली. आणि त्याच वर्षी खिंडीतल्या दरवाजाचा म्हातारा राखणदार वारला. त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या किल्ली होती आणि त्याच्यामागे कोणी नव्हतं.

तिन्ही राजांनी ठरवलं, की ज्यानं सगळ्यात मोठं दान केलं, त्याच्याकडे किल्ली कायमची द्यायची. आणि ते कोणी केलं, हे सांगायचं खडकमाळच्या राणीनं. कारण घेणारी तीच. तोवर किल्ली तिच्याकडेच ठेवली.

राणीचं नाव देवकाई. बोलायला रोखठोक, नियमाला पक्की. तिचे प्रधान होते भिवाजीपंत, तिच्या वडिलांच्या वेळचे. दरबारात ते तिला राणीसरकार म्हणायचे आणि एरवी बाळ. ती त्यांना पंतकाका म्हणायची.

"यात विचार कसला करायचा, पंतकाका?" देवकाई म्हणाली. "हौदात जाऊन बघा. महासरची रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे. नितळपूरची कमरेला लागते. आणि ओंजळपूरची..." तिला हसू आलं. "ओंजळपूरच्या रेघेसाठी बायकांना खाली बसावं लागलं हो! जेमतेम घोट्याला आली."

"तरी ओटी भरायला जावं लागेल, बाळ," भिवाजीपंत म्हणाले. "किल्ली द्यायच्या आधी राणीनं स्वतः वर जाऊन तिन्ही तळ्यांची ओटी भरायची, अशी रीत आहे. तुझ्या पणजीच्या वेळी झालं होतं म्हणतात."

रीत म्हटल्यावर देवकाईचा प्रश्नच मिटला. खण, नारळ, तांदूळ घेतले, किल्ली कमरेला खोचली आणि ती पंतकाकांना घेऊन डोंगर चढू लागली.

पहिलं महासर. शेवटचं वळण संपलं आणि देवकाई जागच्या जागी उभी राहिली. समोर पाणी होतं. उजवीकडे पाणी, डावीकडे पाणी, पार पलीकडे आभाळ टेकलं होतं तिथवर पाणी. आयुष्यभर तिनं पाणी पाहिलं ते घागरीत, हौदात, फार तर पाटात. तिचे डोळे भरून आले.

"पंतकाका," ती हळूच म्हणाली, "हे सगळं खरं आहे?"

"हात लावून बघ, बाळ."

घाटाच्या अगदी वरच्या पायरीला पाणी चुबुक चुबुक लागत होतं. तिथेच बसून एक बाई धुणं धूत होती. देवकाईनं वाकून ओटी भरली आणि त्या बाईला हात जोडले. "बाई, तुमचे फार उपकार झाले. तुम्ही पाणी सोडलंत म्हणून आमची लेकरं जगली."

"पाणी सोडलं?" बाईनं धुणं थांबवलं. "कधी हो? आम्हाला तर काही कळलं नाही."

देवकाईला तिचं कौतुकच वाटलं. "बघा पंतकाका, एवढं दिलं आणि पाणी तिथल्या तिथे! मी म्हणत नव्हते, डोंगराला पान्हा फुटतो म्हणून?"

महासरच्या राजानं तिचं स्वागत तर असं केलं, की काही विचारू नका. कारंजी काय, हत्ती काय, पंगती काय! राजा मनानं वाईट नव्हता. फक्त त्याला स्वतःचं कौतुक ऐकायची फार हौस होती.

"किल्ली आमच्याकडे येणार हे उघडच आहे," तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "मी तर बेतही केलाय. दरवाजा वर्षातून एकदा उघडायचा. आमच्या वाढदिवसाला! वाजंत्री लावू, फुलं उधळू. तुमची सगळी प्रजा खाली उभी राहील आणि जयजयकार होईल. कसं वाटतं?"

देवकाईच्या हातातला घास हातातच राहिला. वर्षातून एकदा? आणि बाकीचे दिवस लेकरांनी काय प्यायचं? पण नियम म्हणजे नियम. रेघ डोक्याच्या वर होती. रात्रभर तिचा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती नितळपूरला गेली. तिथे वेशीपासून घाटापर्यंत जागोजागी फलक होते: नितळपूरची माया पाहा, नितळपूरचं दान पाहा. घाटावर येऊन देवकाई ओटी भरायला वाकली, तर पाण्याला हात पोचेना. एक पायरी उतरावी लागली. आणि वरच्या कोरड्या पायरीवर तिला एक पांढुरका डाग दिसला, सरळ रेषेत, पार लांबपर्यंत गेलेला.

"हे काय हो?" तिनं तिथल्या पुजाऱ्याला विचारलं.

"पाणी होतं ना तिथवर," पुजारी म्हणाला. "तुमच्याकडे सोडलं, तेवढं उतरलं."

"उतरलं?"

"मग? तळं आहे ते, राणीसाहेब. काढलं की उतरणारच."

देवकाई त्या डागाकडे बघत राहिली. तळं उतरतं! म्हणजे देणाऱ्याचं कमी होतं! मग महासरचं पाणी वरच्या पायरीला कसं टेकलं होतं? आणि ज्यांच्या रेघेवर आपण हसलो, त्या ओंजळपूरचं...

"चला पंतकाका," ती म्हणाली. "लवकर चला."

ओंजळपूर हे रंगाऱ्यांचं गाव. तिथलं रेशीम दूरदूरच्या बाजारात जायचं आणि गावात पैसा खेळायचा. पण देवकाई पोचली तेव्हा घरोघरी रंगाच्या कढया पालथ्या घातलेल्या होत्या. रंगाला पाणी लागतं. माग बंद होते. गल्लीत रंगाचा एक ओघळसुद्धा दिसत नव्हता. आणि तळं? तळं कुठेच दिसेना.

"वाट चुकलो वाटतं," भिवाजीपंत म्हणाले.

चुकले नव्हते. घाट होता, पण त्याच्या पायऱ्या खाली जात होत्या, आणखी खाली जात होत्या, जातच होत्या. वरच्या पायऱ्या माणसांच्या वापरानं गुळगुळीत झालेल्या. त्यांच्याखाली शेवाळ वाळून पापुद्रे सुटलेल्या. आणि त्यांच्याही खाली अशा, की त्यांच्यावर कोणाचं पाऊल पडलं असेल तर ते घाट बांधणाऱ्या पाथरवटाचंच.

ओटी घेऊन देवकाई उतरू लागली. तळ्याच्या मधोमध एक देऊळ उभं होतं. काळं, चिखलानं माखलेलं, कळसापासून पायथ्यापर्यंत उघडं. त्याच्या कोनाड्यांतून शिंपले चिकटले होते. एक म्हातारी त्याच्या ओट्यावर दिवा लावत होती.

"आजी, हे देऊळ कधीचं?"

"काय ठाऊक, बाई! माझी आजी सांगायची, की पाण्याखाली महादेव आहे म्हणून. तिनं पाहिला नव्हता, तिच्या आजीनंही नाही. आम्हाला या वर्षी दर्शन झालं." म्हातारीचं तोंड उजळलं होतं. "आणि जपून हो, पायाशी घागरी आहेत. मासे आहेत त्यांत."

"मासे?"

"पाणी संपत आलं, तशी एकेका घरानं थोडे थोडे मासे नेले. कोणी घागरीत, कोणी हंड्यात, कोणी तर तुळशीपुढच्या दगडी कुंडीत ठेवलेत. पाऊस आला की तळ्यात परत सोडायचे. नाहीतर उद्या तळं भरेल, पण मुकं भरेल, नाही का?"

देवकाई चिखलात उभी राहिली आणि मान वर करून तिनं घाटाकडे पाहिलं. तिच्या डोक्यावर, कितीतरी वर, आभाळाच्या कडेला, पाण्याची जुनी खूण दिसत होती. तिथून इथवर जे होतं, ते सगळं यांनी दिलं होतं. ते सगळं खडकमाळच्या हौदात घोट्याएवढं झालं होतं. आणि त्यावर ती हसली होती.

तळाशी एक डबकं उरलं होतं. तिथे एक माणूस गुडघाभर चिखलात उतरून गाळ काढत होता. तो ओंजळपूरचा राजा आहे, हे देवकाईला त्याच्या कानातल्या भिकबाळीवरून कळलं. तो धावतच आला आणि हात धोतराला पुसत त्यानं तिला नमस्कार केला.

"राणीसाहेब, तुम्ही कशाला एवढ्या खाली आलात!" तो संकोचून म्हणाला. "आमची रेघ घोट्याइतकीच आली असं कळलं. आमच्या बायामाणसांना फार वाईट वाटलं हो. तळंच लहान आहे आमचं. माफ करा आम्हाला."

देवकाई राणी होती, रोखठोक होती, पण तिला हुंदका आवरेना.

"तुम्ही थांबलात का नाही?" ती कशीबशी म्हणाली. "थोडं दिल्यावर पाट बंद करायचा होता."

"ठरवलं होतं तसंच," राजा म्हणाला. "पण खिंडीपर्यंत तुमचा माणूस आला. म्हणाला, अजून रांगेत लहान मुलं आहेत. मग बंद कसा करणार? आमचं भागेल हो. डबकं आहे, दोन आड आहेत. यंदा रेशीम रंगलं नाही तर नाही."

देवकाईनं त्या डबक्याची ओटी भरली. खण ठेवताना तिनं कपाळ चिखलाला टेकवलं.

परत चढताना भिवाजीपंत दम खायला एका पायरीवर बसले. मग म्हणाले, "बाळ, तुझ्या मनात काय आहे ते मला दिसतंय. पण एक सांगतो. तहानलेल्या तोंडाला पाणी कुठल्या तळ्याचं ते कळत नाही. आपल्या हौदातलं बहुतेक पाणी महासरचं आहे. तो राजा रुसला आणि त्यानं पाट बंद केला, तर ओंजळपूरच्या डबक्यावर आपलं राज्य जगणार नाही."

"माहीत आहे, पंतकाका."

"मग?"

"मग काय! किल्ली त्याला दिली, तर लेकरं वर्षातून एकदा पाणी पिणार. नाही दिली आणि तो रुसला, तर तेही नाही. दोन्हीकडे मरण आहे. निदान खरं बोलून तरी बघू."

खिंडीत तिन्ही राजे जमले. महासरच्या राजानं तर वाजंत्री बरोबरच आणली होती. खाली उतारावर खडकमाळची माणसं रिकाम्या घागरी घेऊन उभी होती. देवकाईनं कमरेची किल्ली काढली, ओंजळपूरच्या राजासमोर गेली आणि त्याच्या हातावर ठेवली.

वाजंत्री वाजता वाजता थांबली. ओंजळपूरचा राजा तर घाबरलाच. "अहो, चुकलं तुमचं," तो कुजबुजला.

"ही काय थट्टा लावली आहे?" महासरचा राजा गरजला. "आमची रेघ डोक्याच्या वर! त्यांची घोट्याला! आम्ही काय वेडे म्हणून पाणी सोडलं?"

देवकाई त्याच्यापुढे गेली आणि तिनं वाकून नमस्कार केला. "महाराज, तुमच्या पाण्यावर माझी माणसं जगली. हे मी मरेपर्यंत सांगेन, कोणी विचारलं नाही तरी सांगेन. तुमचं दान मोठं आहे. पण तुमच्याच घाटावर धुणं धुणाऱ्या बाईला ते दिल्याचं कळलं नाही. आणि यांच्या घाटावर देव उघडा पडलाय. तुम्ही रागावून पाट बंद केलात, तर आम्ही मरू. ते माहीत असूनही बोलते आहे, कारण तुम्ही मनानं मोठे आहात असं मला वाटतं. फक्त एकदा ओंजळपूरला चला. पाहा. मग बंद करायचं तर करा."

महासरचा राजा लालबुंद झाला होता. "देव उघडा पडलाय म्हणे! तळं रिकामं करून कोणी पाणी देतं का? चला, दाखवा!"

तो हत्तीवरून गेला. घाटाच्या तोंडाशी हत्ती थांबला, कारण पायऱ्या हत्तीच्या नव्हत्या. राजा उतरला आणि देवकाईच्या मागून खाली जाऊ लागला. सुरुवातीला तो काही ना काही बडबडत होता. गुळगुळीत पायऱ्या संपल्या तसा तो गप्प झाला. वाळलेल्या शेवाळापाशी त्यानं जोडे काढले. का काढले, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

देवळापाशी तीच म्हातारी होती. तिनं काही त्याला ओळखलं नाही. "दादा, जरा बाजूला सरकता का?" ती म्हणाली. "माशांवर ऊन येतंय."

महासरचा राजा बाजूला सरकला. त्यानं घागरीत डोकावून पाहिलं. मग मान वर केली आणि ती पाण्याची जुनी खूण पाहिली, जिच्याकडे बघताना माणसाचं पागोटं खाली पडावं इतकी ती उंच होती. त्याचं खरंच पडलं. त्यानं ते उचललंसुद्धा नाही. देवकाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडावर आपल्या सगळ्या लेकरांचं जगणंमरण ठरतंय, हे तिला माहीत होतं.

"मला वाटत होतं," राजा शेवटी हळू आवाजात म्हणाला, "माझ्याइतकं कोणी दिलेलं नाही."

मग तो निघाला. थेट महासरला गेला आणि आपल्या घाटाच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला. त्यानं पाट उघडायला सांगितलं. ओंजळपूरच्या राजानं खिंडीतला दरवाजा आधीच सताड उघडून ठेवला होता.

"किती वेळ उघडा ठेवायचा, महाराज?" सेवकांनी विचारलं.

"माझी एक पायरी कोरडी होईपर्यंत," राजा म्हणाला. "एक तरी पायरी मी द्यायलाच हवी."

पाणी निघालं. खडकमाळात महासरचा हौद भरला, डोक्यावरच्या रेघेला लागला, रेघ पुसून वर गेला आणि काठावरून सांडला. मग नितळपूरचा हौद भरला. मग ओंजळपूरचा. बायका हातात कुंकू घेऊन उभ्याच राहिल्या, कारण रेघ ओढायला भिंतच उरली नाही. विहिरींत पाणी चढलं. सुकलेल्या ओढ्यांतून पाणी धावलं. ज्या नदीचं फक्त नाव उरलं होतं, ती आवाज करत वाहू लागली आणि म्हातारी माणसं काठावर येऊन रडू लागली. देवकाई त्या नदीत गुडघाभर उभी होती. तिला हसावं का रडावं ते कळत नव्हतं.

आणि वर महासरला राजा अजून पायरीवरच बसला होता. सगळं खडकमाळ पाण्यानं भरून गेल्याची बातमी आली, तेव्हा त्यानं खाली वाकून पाहिलं. त्याच्या तळ्याची पहिली पायरी अजून पुरती कोरडीसुद्धा झाली नव्हती.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा ऐका: दान केवढं ते घेणाऱ्याला काय मिळालं त्यावरून कळतं, पण दाता केवढा ते त्याच्याकडे मागे काय उरलं त्यावरूनच कळतं.